डग्गा डिकीत वाजू नये

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील अणदूर हे धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील मोठे गाव. खंडोबाच्या मंदिरामुळे ते दूरवर ठाऊक आहे. महामार्ग जवळूनच जात असल्याने गावाला वाहनांच्या आवाजाचे नवल उरलेले नाही. तरीही काही गाड्या अशा असतात, की त्या दृष्टीस पडण्यापूर्वीच चहाच्या टपरीचा पत्रा थरथरू लागतो. गाडी समोरून जाते तेव्हा तिच्या काचा बंद असतात. आत कोणते गाणे चालू आहे, गायक आहे की गायिका, यातले काहीही उमगत नाही. ऐकू येते ती केवळ एकसुरी धपधप. पुण्या-मुंबईच्या सिग्नलवर उभे राहणाऱ्यांनाही हा अनुभव नवा नाही.

गेल्या दिवाळीत अणदूरला भाच्याकडे गेलो, तेव्हा त्याच्या गाडीतही असाच एक वुफर डिकीत विराजमान झालेला होता. भाचा म्हणाला, ‘‘मामा, हा अ‍ॅम्प लहान पडतोय. दुप्पट वॅटचा घ्यावा म्हणतो. तुम्ही एकदा ऐकून सांगा.’’ त्याने एक चित्रपटगीत लावले. अंगातला सदरा हलला, आरसा थरथरला आणि गाण्याचे शब्द मात्र मागच्या मागे राहिले. मी त्याला पंडित भीमसेन जोशी यांचा एखादा अभंग लावायला सांगितले. तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला. तबला समोर काचेजवळ वाजत होता आणि त्याचा जोडीदार डग्गा थेट पाठीमागे, डिकीत. जणू तबलजीचा उजवा हात एका गाडीत आणि डावा दुसऱ्या गाडीत! भाचाही हसला. म्हणाला, ‘‘तबलजी तर एकच असणार की.’’

त्या सायंकाळी आम्ही नवा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याचा विचार बाजूला ठेवला आणि एक लहान स्क्रू-ड्रायव्हर व घरातला मल्टिमीटर घेऊन बसलो. अ‍ॅम्प्लिफायरवरची सगळी बटणे बसवणाऱ्याने उजवीकडे टोकापर्यंत फिरवून ठेवली होती. ग्राहकाला दुकानात जोरकस आवाज ऐकवला की त्याचे समाधान होते, असा बऱ्याच ठिकाणी समज असतो. दोष एकट्या कारागिराचा नाही. ग्राहकही ‘बेस अजून वाढवा’ एवढेच सांगतो.

या बटणांपैकी सर्वाधिक गैरसमज आहे तो ‘गेन’ या बटणाविषयी. बहुतेकांना ते आवाज कमी-जास्त करण्याचे बटण वाटते. वास्तविक त्याचे काम निराळे आहे. गाडीच्या डेकमधून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारा विद्युत संकेत अगदी क्षीण असतो. काही डेक जास्तीत जास्त दोन व्होल्ट देतात, काही चार, काही त्याहून अधिक. अ‍ॅम्प्लिफायरला हे आधी ठाऊक नसते. म्हणून समोरून येणारा कमाल संकेत किती व्होल्टचा आहे, हे त्याला सांगण्यासाठी गेनची सोय केलेली असते. तबलजी बैठकीआधी गायकाच्या पट्टीशी तबला मिळवून घेतो, त्याच जातीचे हे काम आहे. एकदा मिळवले की मैफलभर हातोडी बाजूला. आवाज वाढवायचा तो डेकवरून.

बटणाभोवती छापलेले आकडे पाहिले तर हे ध्यानात येते. डाव्या टोकाला सहा किंवा आठ व्होल्ट लिहिलेले असते आणि उजव्या टोकाला ०.२ व्होल्ट. म्हणजे बटण उजवीकडे पूर्ण फिरवणे याचा अर्थ ‘माझा डेक फार अशक्त आहे, त्याच्या जरा कुजबुजण्यावरही पूर्ण ताकद लाव’ असे अ‍ॅम्प्लिफायरला सांगणे. चार व्होल्ट देणाऱ्या डेकला हे बटण थोडेसेच फिरवून पूर्ण शक्ती मिळते. उरलेल्या फेऱ्यात शक्ती वाढत नाही. वाढते ती विकृती आणि खरखर.

ही विकृती कशी होते, ते समजून घेण्यासारखे आहे. ध्वनीचा संकेत हा चढ-उताराच्या गोलाईदार लाटांसारखा असतो. अ‍ॅम्प्लिफायर या लाटा मोठ्या करतो, परंतु त्याच्या वीजपुरवठ्याने आखलेल्या उंचीपलीकडे तो जाऊ शकत नाही. लाट त्याहून मोठी मागितली, की तिचे शिखर कापले जाते. बुटक्या छताखाली उंच माणसाने उभे राहावे तसे. यालाच क्लिपिंग म्हणतात. शिखर कापलेली लाट गोल न राहता चौकोनी होत जाते आणि त्याच उंचीच्या गोल लाटेपेक्षा संपूर्ण चौकोनी लाटेत दुप्पट शक्ती असते. साहजिकच अडीचशे वॅटचा म्हणून घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण क्लिपिंगमध्ये वुफरच्या गळ्यात पाचशे वॅटपर्यंत उतरवू शकतो.

ही शक्ती जाते कोठे? वुफरमध्ये ओतलेल्या शंभर वॅटपैकी जेमतेम एखादा वॅट आवाज होऊन बाहेर पडतो. बाकी सगळी उष्णता होऊन आतल्या तारेच्या वेटोळ्यात साठते. वेटोळ्यावरचे लाखेसारखे आवरण आणि गोंद तापून जळू लागतो. गाडीत चमत्कारिक जळका वास येऊ लागला आणि बेस मंद झाला, तर गाणे बदलू नये. यंत्रणा बंद करावी. वुफर बहुधा वाढत्या वॅटने नव्हे, तर चुकीच्या गेनने मरतात आणि मग दुकानात ‘माल हलका निघाला’ अशी तक्रार होते.

वॅटच्या आकड्यांविषयीही दोन शब्द बोलायला हवेत. काही वर्षांपूर्वी घरगुती टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर ‘पीएमपीओ’ या नावाने हजारो वॅटचे आकडे छापलेले असत. ती प्रथा पूर्णपणे संपलेली नाही. आता ‘कमाल शक्ती’ असे शब्द वापरले जातात. आपण पाहायचा तो ‘आरएमएस’ हा आकडा, म्हणजे सतत देता येणारी शक्ती. तोही संशयास्पद वाटला तर अ‍ॅम्प्लिफायरवरचा फ्यूज पाहावा. तीस अँपिअरचा फ्यूज आणि गाडी चालू असताना १३.८ व्होल्टचा पुरवठा यांचा गुणाकार ४१४ वॅट होतो. अ‍ॅम्प्लिफायर आत घेतो ती ही वीज. ‘डी’ वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर त्यातली सुमारे ऐंशी टक्के बाहेर देतो, जुन्या ‘एबी’ वर्गाचा त्याहून बराच कमी. म्हणजे खोक्यावर तीन हजार लिहिलेले असले तरी सतत मिळणार ते फार तर सव्वातीनशे. बाकी सगळी छपाईची शाई.

आता प्रत्यक्ष जुळवणी. गाडी मोकळ्यावर उभी करून इंजिन चालू ठेवावे. इंजिन बंद असताना बॅटरीचा दाब साडेबारा व्होल्टच्या आसपास असतो आणि मोजमाप चुकते. बंद गॅरेजमध्ये मात्र इंजिन चालू ठेवून असे काही कदापि करू नये, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो. डेकमधील बेस, ट्रेबल, लाउडनेस, इक्वलायझर हे सारे शून्यावर आणावे. अ‍ॅम्प्लिफायरवरचा बेस बूस्ट बंद करावा, गेन डाव्या टोकाला न्यावा आणि वुफरच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवाव्यात. या तारा सोडवायला विसरलात तर पुढची कृती वुफरसाठी जीवघेणी ठरू शकते.

मग डेकचा आवाज कमाल पातळीच्या साधारण तीन चतुर्थांशावर ठेवावा. डेकवर चाळीस आकडे असतील तर तीसवर. त्यापुढे पुष्कळ डेक स्वतःच लाटांची शिखरे कापू लागतात. आता ५० हर्ट्झचा एकसलग स्वर वाजवावा. असे चाचणीचे स्वर इंटरनेटवरून सहज उतरवून घेता येतात. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्प्लिफायरच्या वुफरकडे जाणाऱ्या टोकांना लावावा आणि गेन हलके हलके वाढवावा. कुठे थांबायचे, ते शाळेतल्या गणितावरून निघते. अपेक्षित वॅट आणि वुफरचा ओहममधील रोध यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढायचे. वुफर २५० वॅट आरएमएसचा आणि ४ ओहमचा असेल तर गुणाकार एक हजार, वर्गमूळ सुमारे ३१.६. म्हणजे मीटरवर साडेएकतीस व्होल्ट दिसले की हात थांबवायचा. रोध २ ओहमचा असेल तर तोच आकडा २२.४ येतो. वॅट धरताना अ‍ॅम्प्लिफायर आणि वुफर या दोहोंपैकी ज्याचा आकडा लहान, तो धरावा.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. मल्टिमीटर लाटेची उंची सांगतो, तिचा आकार सांगत नाही. अ‍ॅम्प्लिफायरने छापलेली शक्ती तो देतच नसेल, तर ३१ व्होल्ट दिसण्यापूर्वीच शिखरे कापली जात असतील. ऑसिलोस्कोप असलेला कारागीर मिळाला तर उत्तम, नाहीतर कान. तारा पुन्हा जोडून ओळखीचे गाणे लावावे आणि बेस फाटल्यासारखा, पिंजल्यासारखा होऊ लागला, तर गेन त्याच्या पुरेसा अलीकडे आणून ठेवावा. भाच्याच्या गाडीत मीटरने सांगितलेली जागा बटणाच्या जवळजवळ मध्यावर आली. एवढ्या खाली? त्याला विश्वास बसेना. अर्ध्या बटणात आवाज तेवढाच राहिला आणि खरखर मात्र गेली, हे त्याने स्वतः ऐकले तेव्हा तो गप्प झाला.

डग्गा मात्र अजूनही डिकीतच होता. कारण त्याचे उत्तर गेनमध्ये नसून ‘लो पास फिल्टर’ या दुसऱ्या बटणात आहे.

अणदूर आणि शेजारचे नळदुर्ग यांच्यातील खंडोबाची परंपरा मोठी कुतूहलाची आहे. देवाची मूर्ती एकच आणि मंदिरे दोन. वर्षातील सव्वादहा महिने मूर्ती अणदूरला असते आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. कधी कुठे असायचे हे दोन्ही गावांनी ठरवून घेतलेले आहे आणि ते पाळले जाते. दाराचे स्पीकर आणि डिकीतला वुफर यांच्यातही असाच करार व्हावा लागतो. एका विशिष्ट वारंवारतेच्या खालचा ध्वनी वुफरने सांभाळायचा, वरचा दाराच्या स्पीकरांनी. करार नसेल तर दोघेही एकच काम करतात आणि आवाज गढूळ होतो, किंवा मध्ये एक पोकळी पडते आणि ते स्वर कोणीच वाजवत नाही. उपमा येथेच सोडलेली बरी, कारण फिल्टर एका दिवसात सोपवणी करीत नाही, त्याला उतार असतो. ८० हर्ट्झवर लावलेला १२ डेसिबल प्रतिसप्तक उताराचा फिल्टर १६० हर्ट्झच्या स्वराला केवळ १२ डेसिबलने दाबतो. वुफर आधीच बेसुमार मोठा लावलेला असेल, तर हा दाबलेला स्वरही ठळकपणे मागून ऐकू येतो. २४ डेसिबलचा उतार उपलब्ध असेल तर तो घ्यावा.

ही सीमारेषा कोठे आखायची? त्यासाठी कोणता स्वर किती हर्ट्झचा असतो याचा अंदाज हवा. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक पट्टीचा धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झचा होतो आणि तानपुऱ्याच्या खर्जाचा मूळ स्वर त्याच्या निम्मा, म्हणजे ६९. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची. साध्या बोलण्यातला पुरुषी आवाज शंभरच्या थोडा वर-खाली. आता कानाचा एक गुण येथे आपल्या मदतीला येतो. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा ध्वनी कोणत्या दिशेने आला, हे बंद गाडीत कानाला नीट ओळखता येत नाही. त्याच्या वरचा ध्वनी आपली जागा सांगू लागतो. भाच्याच्या गाडीत हा फिल्टर दीडशेच्याही पुढे होता. त्यामुळे डग्ग्याची घुमार आणि गायकाच्या खर्जाचा काही भागसुद्धा डिकीतून येत होता. फिल्टर ८० वर आणला आणि डेकमध्ये दाराच्या स्पीकरांसाठी ‘हाय पास’ फिल्टरही तेवढ्यावरच लावला. डग्गा पुढे सरकला आणि तबल्याशेजारी बसला.

दाराच्या स्पीकरांनाही याचा लाभ होतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सहा इंची कागदी पडद्याकडून खोल बेस वाजवून घेण्याचा हट्ट सोडला, की त्याची दमछाक थांबते आणि गायकाचे शब्द स्वच्छ ऐकू येतात. अनेकदा लोक बेस सुधारावा म्हणून वुफर घेतात आणि सुधारतो तो मध्यसप्तक.

फेजचे बटण दिसायला क्षुल्लक असते. शून्य आणि १८० असे दोनच पर्याय. वुफर आणि दाराचे स्पीकर चालकाच्या कानापासून निरनिराळ्या अंतरावर असतात. ८० हर्ट्झची एक लाट सुमारे सव्वाचार मीटर लांब असते आणि लहान गाडीची एकूण लांबीच चार मीटरच्या आतबाहेर. त्यामुळे अंतरातला मीटर-दीड मीटरचा फरक आणि फिल्टरमुळे पडणारा उशीर यांची बेरीज होऊन एकाची लाट वर जात असताना दुसऱ्याची खाली येऊ शकते. दोन्ही एकमेकांना खातात. अशा वेळी लोक गेन वाढवतात, म्हणजे भांडण आणखी मोठ्या आवाजात चालते. चालकाच्या जागी बसावे, दुसऱ्याला डिकीशी उभे करावे आणि बटण इकडून तिकडे करायला सांगावे. ज्या बाजूला बेस अधिक भरीव वाटेल ती बाजू योग्य. दोन मिनिटांचे काम आहे, पण ते एकट्याने होत नाही.

बेस बूस्टबद्दल माझे मत स्पष्ट आहे: शून्यावर ठेवावा. हे बटण बहुधा ४५ हर्ट्झच्या आसपासचा पट्टा उचलते. बारा डेसिबल उचलणे म्हणजे त्या पट्ट्यासाठी सोळापट शक्ती मागणे. मल्टिमीटरने काळजीपूर्वक साधलेली जुळवणी या एका बटणाने धुळीस मिळते. शिवाय गाडीची बंद पेटी स्वतःच खालचे स्वर फुगवते. लाट पेटीपेक्षा लांब झाली की आतल्या हवेचा दाबच वर-खाली होऊ लागतो आणि वारंवारता जितकी खाली, तितका हा फायदा अधिक. दिवाणखान्यात जो वुफर फिका वाटेल, तोच गाडीत पुरून उरतो. वुफरच्या खोक्याला भोक असेल तर तीसएक हर्ट्झच्या खालचे काहीही पोहोचू नये म्हणून सबसॉनिक फिल्टर २५ ते ३० वर लावावा. बंद खोक्याला त्याची तितकीशी गरज नाही.

एवढे झाल्यावर आम्ही गाडी महामार्गावर काढली आणि पुन्हा एकदा धक्का बसला. अंगणात नेमका वाटलेला बेस ऐंशीच्या वेगाला गायब! यात यंत्रणेचा दोष नव्हता. टायर आणि वारा यांचा घोष मुख्यतः खालच्या पट्ट्यात असतो आणि तो तेथलाच बेस झाकून टाकतो. त्यात कानाची आणखी एक खोड आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा कितीतरी कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवत नेला की ही दरी कमी होते. म्हणूनच दुकानात मोठ्या आवाजात जुळवलेली यंत्रणा घरी हळू आवाजात पातळ वाटते. पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायरबरोबर डॅशबोर्डवर लावायचे एक लहान बेसचे बटण मिळते. डिकी न उघडता गावात कमी, रस्त्यावर जरा जास्त, अशी सोय त्याने होते. गेनची जुळवणी करताना मात्र हे बटण पूर्ण वर ठेवलेले असावे, म्हणजे पुढे ते कितीही फिरवले तरी मर्यादा ओलांडली जात नाही.

तारांविषयी थोडक्यात. बॅटरीतून निघणाऱ्या जाड तारेवर, बॅटरीपासून वीतभर-दोन वितींच्या आत फ्यूज हवाच. तो अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसतो, गाडीसाठी असतो. तार इंजिनकडून आत येते त्या पत्र्याच्या भोकाला रबरी कडे नसेल, तर पत्र्याने इन्सुलेशन कापले जाते आणि आग लागायला तेवढे पुरते. अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बसवावे. इंजिनच्या गतीबरोबर चढत जाणारी कुईं कुईं ऐकू येत असेल, तर पहिला संशय याच जोडावर घ्यावा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त असतो. ती घ्यायचीच झाली तर जाड घ्यावी. अ‍ॅम्प्लिफायर सतरंजीखाली गुंडाळून ठेवू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडी आधीच भट्टी झालेली असते. नव्या गाडीत कंपनीचाच डेक असेल तर मूळ तारा कापू देऊ नयेत, त्याने वॉरंटीचा प्रश्न निर्माण होऊ शकतो. जोडाला जोड लावून काम करणारा कारागीर शोधावा.

आता प्रश्न उरतो तो मोठ्या आवाजाचा. अमेरिकेतील नायोश या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९४ डेसिबलला एक तास. अणदूरहून सोलापूरला पोहोचायला साधारण तेवढाच वेळ लागतो. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटे; तेवढ्यात दिवसाचा कोटा संपला. मोठा बेस आणखी एक काम करतो. खालचा जोरकस ध्वनी वरच्या स्वरांना झाकतो, उलट मात्र तितकेसे घडत नाही. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा, ट्रकचा हॉर्न हे वरच्या पट्ट्यातले आवाज. काचा बंद आणि वुफर भरात, अशा वेळी ते चालकापर्यंत पोहोचतच नाहीत. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने दहा हजार रुपये दंड ठेवला आहे. ‘ऐकूच आले नाही’ हा बचाव किती चालेल, ते सांगायला वकील नको. आणि दंडाहून मोठी गोष्ट आहे ती मागच्या गाडीत झोपवलेल्या माणसाची.

बाहेरच्यांचे काय? ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा या वेळेत ४५ डेसिबल आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २००५ च्या निकालात याविषयी कठोर भूमिका घेतली होती. परंतु यातली एक मेख क्वचितच सांगितली जाते. ही मर्यादा ‘ए’ भारांकित डेसिबलमध्ये मोजतात. या मोजणीत कानाच्या स्वभावानुसार खालच्या स्वरांना कमी वजन दिले जाते. ५० हर्ट्झला हे वजन सुमारे तीस डेसिबलने कमी होते. म्हणजे त्या वारंवारतेचा ८५ डेसिबलचा घुमारा मीटरवर ५५ इतकाच दिसू शकतो, बरोबर दिवसाच्या मर्यादेत! मोबाइलमधील डेसिबल मोजणारी अ‍ॅपही बहुधा हाच हिशेब लावतात, शिवाय मोबाइलचा मायक्रोफोन खोल स्वर पकडण्यासाठी बनवलेला नसतो. भिंती आणि पत्रे उंच स्वर बऱ्यापैकी अडवतात. बेस त्यांच्या आरपार जातो. मीटरला जे फारसे दिसत नाही, ते शेजारच्या घरात पाळण्यातल्या बाळाला आणि अंथरुणावरच्या आजोबांना छातीत जाणवते. गाडीतल्या माणसाला वाटते आपण गाणे ऐकतो आहोत. रस्त्यालगतच्या घरात मात्र त्यातले गाणे पोहोचत नाही, फक्त धपधप पोहोचते.

नीट जुळवलेल्या वुफरची खूण अशी, की तो चालू आहे हे चटकन कळत नाही. बंद केला तरच काहीतरी हरपल्यासारखे वाटते. पखवाज वाजवणारा डाव्या तोंडाला कणीक लावतो ती एकदम थापत नाही. थोडी लावतो, थाप मारून ऐकतो, थोडी काढतो, पुन्हा ऐकतो. कणीक जास्त झाली तर आवाज खोल होतो, पण बोल लडबडतात. वुफरची पातळी दाराच्या स्पीकरांच्या तुलनेत ठरवताना नेमकी हीच चिकाटी लागते. त्यासाठी गाणेही असे निवडावे, की ज्यातले खरे वाद्य आपण समोर बसून ऐकलेले आहे. संगणकावर रचलेल्या बेसला मूळ रूपच नसते, त्यामुळे तो बरोबर वाजला की चूक, हे ठरवणार कशावरून? आपल्या भागात जागरणातली दिमडी आणि तुणतुणे, गोंधळातले संबळ ज्याने अंगणात बसून ऐकले आहे, त्याच्या कानात कसोटी तयारच असते. संबळाच्या जोडीतले मोठे आणि लहान ही दोन्ही भांडी गोंधळ्याच्या एकाच कमरेला बांधलेली आहेत, असे गाडीतही वाटले पाहिजे.

आम्ही तसे एक घरगुती ध्वनिमुद्रण लावून शेवटची पातळी ठरवली. वुफर भाच्याच्या पहिल्या पसंतीपेक्षा बराच खाली आला. दोन दिवस त्याला ते अळणी वाटले. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, की एका जुन्या गाण्यात बासरीच्या मागे व्हायोलिन आहे, हे त्याला आजवर ठाऊकच नव्हते. नवा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याचे त्याने तूर्त पुढे ढकलले आहे. मागची नंबरप्लेट मात्र अजून एका ठरावीक स्वराला खुळखुळते आणि डिकीची जागा उघड करते. तिच्या पाठीमागे फोमची पट्टी लावायची राहून गेली.